बंद मागाचा फोटो

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात या दिवसांत बारा ते चार रस्ते आपोआप ओस पडतात. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात आणि रसवंतीवाल्याचं घुंगरूही कंटाळल्यासारखं वाजतं. अशा वेळी एका स्कॅन सेंटरच्या दारात एक मावशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांवर तंबाखूचा तपकिरी डाग होता. तो साबणाने जात नाही, वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या हातांवर मुरून बसतो. त्यांनी मोठ्या पाकिटातून काळी फिल्म बाहेर काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि सरळ उन्हाकडे केली. फिल्मवर त्यांचाच गुडघा वीसेक छोट्या चौकोनांत, पातळ काप काढून मांडलेला. शेजारी मुलगा मोबाईलवर रिपोर्ट चाळत होता. "नॉर्मल हाय म्हणतेत," तो म्हणाला. मावशींनी फिल्म खाली घेतली, उन्हाने डोळे बारीक झालेलेच होते, आणि विचारलं, "फोटोत काय बी नाय, तर मग दुखलालंय कुठं?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. मावशींनी फिल्म पाकिटात सरकवली आणि त्या पायऱ्या उतरायला लागल्या. तीनच पायऱ्या. एका हाताने कठडा धरून, अंग थोडं तिरकं करून, दर वेळी दुखरा पाय आधी खाली टेकवून मग चांगला पाय त्याच्या शेजारी आणत. दुखरा आधी का? कारण उतरताना खरा भार मागे राहिलेल्या, वाकणाऱ्या गुडघ्यावर येतो. पुढचा पाय नुसता टेकायचा असतो. हे त्यांना कुणी शिकवलं नसणार, गुडघा स्वतःच शिकवतो. त्या तीन पायऱ्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात रिपोर्टात न आलेलं बरंच काही दिसून गेलं.

त्यांचा प्रश्न अडाणी नाही. हाडाच्या डॉक्टरांच्या परिषदांमध्ये गेली चाळीस-पन्नास वर्षं हाच प्रश्न जरा वजनदार शब्दांत विचारला जातोय.

जिना उतरताना दुखणाऱ्या गुडघ्यात पहिला संशय वाटीवर जातो. गुडघ्याची वाटी हा प्रकार मुळात विचित्र. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाड दोरी नडगीपर्यंत जाते आणि त्या दोरीत ओवल्यासारखं हे हाड बसलेलं असतं. दोरीत वाढणारी अशी छोटी हाडं शरीरात इतरत्रही आहेत, पण त्यांत वाटी सर्वांत मोठी. तिचं काम विहिरीवरच्या रहाटाचं. दोर हाडापासून जरा उचलून धरला की कमी जोरात जास्त ओढ मिळते. वाटीच्या मागच्या अंगाला जी गुळगुळीत गादी असते, कूर्चा, ती सगळ्या शरीरातली सर्वांत जाड. मधल्या कण्यावर पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही थोडी जास्त. निसर्गाने तिथे एवढा थर दिला, त्याअर्थी तिथला दाबही तसाच असणार. १९७२ च्या एका जुन्या मोजणीचे आकडे अजून सगळीकडे सांगितले जातात. सपाट चालताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या साधारण अर्धा भार, जिन्यावर तिप्पटीहून जास्त, आणि खोल उकिडवं बसताना साडेसात पटींच्या आसपास. साठ किलोच्या बाईचा हिशेब मनातल्या मनात करून पाहावा. सपाट रस्त्यावर तीस किलो आणि मोरीत उकिडवं बसून कपडे धुताना साडेचारशे.

पाय सरळ असताना वाटी मोकळी असते. पाय पसरून, मांडी सैल सोडून बसा आणि दोन बोटांनी तिला डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहा, ती पाण्यावरच्या पानासारखी हलते. गुडघा वीस-तीस अंश वाकला की ती मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खोबणीत शिरते. तिथून पुढे जसजसा गुडघा वाकत जातो तसतसा वाटीचा टेकणारा पट्टा खालून वर सरकतो. सुरुवातीला वाटीची खालची कड टेकते, मग मधला भाग, नव्वद अंशांपर्यंत वरचा. म्हणून जाणता डॉक्टर "दुखतं का" यापेक्षा "कितपत वाकल्यावर दुखतं" हे आधी विचारतो. पुण्याहून येणाऱ्या एसटीत तासन्तास गुडघे दुमडून बसलेला माणूस टेंभुर्णीला चहाला उतरताना पहिली चार पावलं लंगडतो आणि पाचव्याला सरळ होतो. त्याचं दुखणं एक. उतरत्या जिन्यावर कळ येणाऱ्याचं दुसरं. विड्या वळताना एक पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन, हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत तसंच बसायचं आणि मग जमिनीला तळहात रेटून उठायचं, त्या उठण्यातलं दुखणं आणखी तिसरं.

आता फोटो कसा काढतात ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

साधा एक्सरे घ्या. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये वाटी मांडीच्या हाडावर सावलीसारखी पडते. तिच्यामागचा सांधा त्यात दिसतच नाही, दिसतो तो मुख्य सांधा. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये गुडघा साधारण तीस अंश वाकवायचा असतो, म्हणजे दोरी ताणली जाते आणि वाटीची उंची मोजता येते. वाटीखालच्या दोरीच्या लांबीला वाटीच्या तिरप्या लांबीने भागून गुणोत्तर काढण्याची पद्धत १९७१ मध्ये इन्सॉल आणि साल्वाती यांनी रूढ केली. ०.८ ते १.२ म्हणजे ठीक, त्यावर गेलं तर वाटी उंच बसलेली. उंच वाटीला खोबण उशिरा सापडते. तोवर ती वाऱ्यावर, आणि बहुधा बाहेरच्या बाजूला घसरायला मोकळी. पण हे मोजायचं तर बाजूची फिल्म खरीखुरी बाजूचीच हवी. मांडीच्या हाडाची मागची दोन्ही गोल टोकं एकावर एक बसलेली दिसली पाहिजेत. ती दोन वेगळ्या कमानींसारखी दिसत असतील तर पाय फिरलेला आहे. त्या फिल्मवरून खोबण उथळ आहे की खोल, हे ठरवू नये. फ्रान्समधल्या ल्यों शहरात आँरी देजूर यांच्या गटाने याच फिल्मवर खोबणीच्या तळाची रेघ पुढच्या कडेच्या रेघेला कापते का, हे बघायला शिकवलं. कापत असेल तर त्या जागी खोबण सपाट. पाच-सात अंश पाय फिरला तरी ही कापाकापी खोटी दिसू शकते. दिवसाला शंभर एक्सरे काढणाऱ्या केंद्रात, बाहेर रांग लागलेली असताना, पाच अंशांसाठी दुसरी फिल्म कोण काढतं?

वाटीमागचा सांधा दाखवणारी फिल्म वेगळीच. तिला आपल्याकडे सगळे स्कायलाइन म्हणतात. गुडघा वाकवून किरण मांडीच्या आणि वाटीच्या मधल्या फटीतून पाठवायचे, मग क्षितिजावर डोंगर दिसावा तशी वाटी आणि खाली दरीसारखी खोबण दिसते. कॅलिफोर्नियातल्या मर्चंट यांनी १९७४ मध्ये यासाठी पाय टेबलाच्या कडेवरून पंचेचाळीस अंश खाली सोडण्याची पद्धत दिली. खोबणीचा कोन त्यांच्या मोजणीत सरासरी १३८ अंश आला. १४५ च्या वर गेला की दरी उथळ आहे असं समजतात. मेख ही की पंचेचाळीस अंशांवर वाटी खोबणीत चांगली आत शिरलेली असते. जी वाटी पहिल्या तीस अंशांत वाकडी चालते, तीसुद्धा इथवर येईतो शहाण्यासारखी सरळ बसते. लोरँ यांनी पुढे वीस अंशांवर फिल्म काढायचं सुचवलं ते याचसाठी. पण वीस अंशांवर फिल्म काढणं जिकिरीचं असतं. किरण पायाच्या बोटांवर आपटतो, फिल्मची कॅसेट पेशंटने मांडीवर धरायची, ती धरायला तो मान उचलतो, मान उचलली की मांडी ताठते आणि मांडी ताठली की वाटी हलते. म्हणून दोन्ही पाय पट्ट्याने एकत्र बांधून "अंग सैल सोडा" असं तीनदा सांगावं लागतं. ही कटकट टाळायला काही ठिकाणी पेशंटला पालथं झोपवून, घोट्याला पट्टी बांधून गुडघा नव्वदच्याही पुढे ओढतात. त्या कोनात वाटी हाडाच्या दोन गोळ्यांमध्ये गच्च बसलेली असते आणि जवळजवळ प्रत्येकाची फिल्म छान येते. छान फिल्म आणि दुखणारा गुडघा. फिल्मवर कोन लिहिलेला नसेल तर ती कशाचा पुरावा आहे, हे सांगणं अवघड.

एक फायदा मात्र याच साध्या एक्सरेचा. काही जणांच्या वाटीचा वरचा-बाहेरचा कोपरा लहानपणी हाड तयार होताना बाकीच्या वाटीशी न जुळता वेगळाच राहिलेला असतो. पडल्यावर एक्सरे काढला की तो तुकडा दिसतो आणि 'फ्रॅक्चर' म्हणून प्लास्टर चढतं. अशा वेळी दुसऱ्या गुडघ्याचाही एक्सरे काढावा. बरेचदा तिथेही तसाच तुकडा निघतो, कडा गोलसर, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारख्या. ताज्या मोडीची कड करकरीत असते. गुडघ्याच्या एक्सरेचे किरण छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी, तेव्हा दुसऱ्या बाजूची एक फिल्म ही काही चैन नाही.

सीटीचं मुख्य काम इथे एका अंतरासाठी. खोबणीचा सर्वांत खोल बिंदू एका कापात शोधायचा. नडगीवर जिथे दोरी चिकटते त्या उंचवट्याचा मध्य दुसऱ्या कापात. मग दोन्ही काप एकमेकांवर ठेवून आडवं अंतर मोजायचं. पंधरा मिलिमीटरपर्यंत बहुतेक निरोगी, वीसच्या वर गेलं तर दोरी वाटीला बाहेर ओढतेय. वाटी वारंवार निखळत असेल तर शस्त्रक्रियेआधी हा आकडा लागतोच. पण हाच आकडा एमआरआयवर काढला तर काही मिलिमीटर कमी येतो, कारण एमआरआयच्या कॉइलमध्ये, म्हणजे गुडघ्याभोवती बसवायच्या पिंजऱ्यात, गुडघा थोडा वाकलेला असतो. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी बाहेरच्या बाजूला किंचित फिरते, दाराचा स्क्रू शेवटच्या पिळात घट्ट व्हावा तशी, आणि तिच्याबरोबर उंचवटाही सरकतो. तोच गुडघा, तोच माणूस, तोच दिवस, आणि आकडे दोन. एका सेंटरचा सीटी आणि दुसऱ्याचा एमआरआय शेजारी ठेवून "अंतर कमी झालं, सुधारणा आहे" म्हणणारे भेटतात. त्यांना नम्रपणे कोन विचारावा.

आणि एमआरआय. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान, आत दात वाजावेत असा गारवा. पैंजण, जोडवी, मंगळसूत्र, केसांतल्या पिना, सगळं काढून रुमालात बांधायचं. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, मग साबणाचं पाणी लावून ती सोडवायची. टेबलावर उताणं झोपायचं, पाय आधी आत जातात, गुडघ्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल, खाली छोटी उशी. पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. मग तो आवाज सुरू होतो. खट-खट-खट, मध्येच ताल बदलून धड-धड-धड. मोठ्या शहरातला पेशंट या आवाजाला घाबरतो. सोलापुरात मात्र टॉवेल-चादरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो, माग चालू झाल्यासारखा. काही जण तर त्या खटखटीत चक्क झोपतात. स्कॅनसाठी याहून चांगलं काही नाही, कारण झोपलेला पाय हलत नाही.

कापांची जाडी तीन मिलिमीटर, चरबीचा प्रकाश दाबून काढलेली चित्रं. त्यांत पाणी पांढरं दिसतं, म्हणून हाडातली सूज उजळून येते. कूर्चेसाठी आडवे काप सर्वांत बोलके, वाटीच्या मागचा पट्टा त्यांतच सलग दिसतो. त्यात भेग आहे का, पृष्ठभाग उकललाय का, हाड उघडं पडलंय का, हे सगळं कळतं. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या चरबीच्या गादीत वरच्या कोपऱ्याला पांढुरका डाग असेल तर त्याला विशेष महत्त्व. वाटी चालताना तिथे घासतेय, चिमटतेय, अशी ती खूण. मात्र वाटी शरीराच्या अगदी पुढच्या कडेला, हवेला लागून. कॉइलच्या मध्यापासून लांब. तिथे चरबी दाबण्याचं तंत्र कधीकधी फसतं आणि काहीच नसताना पांढरा डाग येतो. अनुभवी डोळा तोच डाग त्वचेखालच्या चरबीतही शोधतो. तिथेही पांढरं असेल तर तो यंत्राचा घोळ, सूज नव्हे.

पण या सगळ्या सुंदर चित्रांमध्ये पेशंट काय करत असतो? उताणा झोपलेला असतो. मांडी सैल. गुडघा दहा-पंधरा अंश. वाटी खोबणीच्या तोंडाशी, बिनभाराची, पाण्यावरच्या पानासारखी. ज्या एका अवस्थेत वाटी सहसा दुखत नाही, नेमक्या त्याच अवस्थेत हा महागडा फोटो निघतो.

सोलापुरात ही गोष्ट समजावायला लांब जावं लागत नाही. मागातला धोटा बघा, आडवा धागा घेऊन पळणारा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उघडलेल्या तोंडातून तो आपल्या वाटेवर इकडून तिकडे पळतो. कधीतरी तो वाट सोडून बाहेर उडतो. चांगला जोरात बसतो, कारखान्यांतल्या जुन्या माणसांकडे त्याच्या खुणा असतात. धोटा उडाला की नवशिका धोटाच उलटसुलट करून बघतो. मुरलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आधी बाकीचं बघतो. ताण्यातले काही धागे सैल होऊन वाटेत लोंबतायत का, टोला देणारा दांडा वेळेआधी मारतोय का, धोट्याची पेटी झिजलीय का, फणी आणि पेटी एका रेषेत आहेत का. आणि यातलं निम्मं तो माग चालू ठेवून, शेजारी उभा राहून, कान देऊन शोधतो. बंद मागाचा फोटो त्याला दिला तर तो हसेल.

वाटीचंही असंच निघालं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटी बाहेर सरकण्याचा त्रास असलेल्या मोजक्या बायकांचे एमआरआय हलत्या गुडघ्यावर काढले. एकदा पाय मोकळा ठेवून, एकदा भार देऊन. मोकळ्या पायात अपेक्षेप्रमाणे वाटी मांडीच्या हाडावरून बाहेर सरकली. भार दिल्यावर चित्र उलटलं. वाटी बरीचशी आपल्या जागी राहिली आणि तिच्याखालचं मांडीचं हाडच आत वळलं. धोटा सरळ आणि वाट वाकडी! अभ्यास लहानच होता, लेखकांनीही तो प्राथमिक म्हटला, पण त्याने बघण्याची दिशा बदलली. मांडीचं हाड आत का वळतं, तर कुल्ह्याचे स्नायू त्याला धरून ठेवायला कमी पडतात. म्हणजे दुखतं गुडघ्याच्या पुढे आणि ढिलाई वर कमरेशी. व्यायामात मांडीबरोबर कुल्ह्याचे स्नायू घेतल्याने फरक पडतो, हे नंतर अनेक चाचण्यांत दिसलं. गुडघ्याच्या एमआरआयच्या चौकटीत कुल्हा कुठे येतो? साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटरची ती चौकट. ती मांडीच्या निम्म्यातही पोचत नाही.

मग झिजेचं काय? कारण आपल्याकडे घराघरांतलं निदान तेच. 'गादी झिजली', 'ग्रीस संपलं'. रिपोर्टमध्ये 'कॉन्ड्रोमलेशिया' हा शब्द दिसला की घरात शोककळा. कूर्चेच्या या खराबीला आउटरब्रिज यांनी १९६१ मध्ये चार पायऱ्या दिल्या. मऊ पडणं, भेगा, मोठ्या भेगा, उघडं हाड. पायऱ्या उपयोगी आहेत, पण पायरी आणि वेदना यांची जोडी जमत नाही. कूर्चेत मुळी वेदनेच्या नसाच नाहीत. हे पुस्तकात पूर्वीपासून होतं, तरी ते स्वतःच्या अंगावर पडताळून पाहणारा माणूस निघाला. सॅन फ्रान्सिस्कोचे स्कॉट डाय. त्यांनी सांध्याच्या आत भूल न घेता, फक्त कातडीजवळ बधिरता देऊन, सहकाऱ्याकडून स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालून घेतली, आणि आत कुठे टोचलं की काय वाटतं ते सांगत गेले. १९९८ मध्ये ते छापून आलं. वाटीची कूर्चा टोचली तर काहीच नाही. सांध्याचं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच मात्र भयंकर कळ. म्हणजे ज्या चरबीकडे आपण भरताड म्हणून बघतो ती खरी बोलकी, आणि ज्या कूर्चेच्या नावाने रडतो ती मुकी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने २०१६ मध्ये वाटी दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या तरुणांचे एमआरआय शेजारी ठेवले. कूर्चेच्या घडणीत दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

मुकी असली तरी कूर्चा निरुपद्रवी नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती पातळ झाली की मागचं हाड जास्त भार झेलतं आणि हाडाला मात्र नसा आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वाटी दुखणाऱ्यांना किरणोत्सारी फ्लोराईडची मात्रा देऊन पेट स्कॅन केला. हा फ्लोराईड हाडाची घडमोड जिथे जोरात चालू असते तिथे गोळा होतो. दुखणाऱ्या गुडघ्यांच्या वाटीत आणि खोबणीत तो जास्त दिसला, आणि वेदना जास्त तिथे साठाही जास्त. आकार दाखवणाऱ्या चित्राऐवजी कामकाज दाखवणारं चित्र घेतलं तेव्हा कुठे दुखण्याची सावली पडद्यावर पडली. ही तपासणी नेहमीच्या गुडघेदुखीसाठी नाही. महाग आहे, किरण आहेत, आणि तिने उपचार फारसे बदलत नाहीत. पण मावशींच्या प्रश्नाचं एक उत्तर तिच्यात आहे. दुखतं ते फोटोत नसलेल्या जागी नाही, दुखतं ते त्या फोटोला न दिसणाऱ्या कामात.

याचा अर्थ फोटो काढूच नयेत असा नाही. उलट काही वेळा थांबणं चूक. पडून वाटीवर आपटल्यावर सरळ पाय उचलता येत नसेल, गुडघा तासा-दोन तासांत टम्म सुजला असेल, वाटी निखळून परत बसली असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी एक्सरे, आणि डॉक्टर म्हणतील ते पुढचं. दहा-चौदा वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर कुल्ह्याचा एक्सरे. त्या वयात कुल्ह्याचा गोळा घसरला की कळ गुडघ्यात येते, हे विसरून कित्येक महिने वाया जातात. यातलं काही नसेल, दुखणं हळूहळू वाढलेलं, पुढच्या बाजूला, जिना आणि उकिडवं बसणं एवढ्यापुरतं असेल, तर तपासणाऱ्याचे हात, एक पायरी आणि सहा ते बारा आठवड्यांचा नेटका व्यायाम आधी. फोटो नंतर, आणि तोही प्रश्न ठरवून. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय गुडघा' लिहिण्यापेक्षा 'वाटीची उंची, खोबणीची खोली, वाटीखालची चरबी' असं लिहिलं तर रिपोर्टही त्या दिशेने येतो. प्रश्न न विचारता काढलेल्या फोटोचं उत्तर 'नॉर्मल' हेच असतं, आणि ते खोटंही नसतं.

पायरीची तपासणी म्हणजे तरी काय? साधारण वीस सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूच खाली जमिनीला लावायची आणि परत वर. बघणाऱ्याने समोर उभं राहून तीन ठिकाणी लक्ष द्यायचं. कंबर एका बाजूला झुकते का, गुडघा आत अंगठ्याच्या दिशेने कोसळतो का, धड तोल सांभाळायला तिरकं होतं का. पाच वेळा पुरतं. कपडे गुडघ्याच्या वर घेतलेले हवेत, नाहीतर साडीच्या निऱ्यांत सगळं लपतं, आणि इथेच आपल्याकडची तपासणी बहुधा अडते. बाईमाणसाला मोकळेपणाने गुडघा दाखवता येईल असा आडोसा नसतो, घाई असते, बरोबर सासरचं कुणीतरी असतं. मशीनच्या खोलीत मात्र तिला एकटीला, पडद्याआड, झगा घालून नेतात. फोटोवर एवढा विश्वास का बसतो, याचं हेही एक कारण असावं.

त्या दुपारी मावशी उतरून रस्त्यावर आल्या, तेव्हा विडी घरकुल वसाहतीकडे जाणारी शेअर रिक्षा उभीच होती. मागची सीट भरली होती, एका कडेची जागा होती. मुलगा ड्रायव्हरशेजारी टेकला. मावशींनी आधी पाकीट आत सारलं, मग दांडीला धरून, दुखऱ्या पायावर वजन न देता, अंग आत ओढून घेतलं. पाकीट सुपासारखं मांडीवर आडवं ठेवलं. पदराने मान पुसली. रिक्षा हलायच्या आत त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे केला, टाच बाहेरच्या पत्र्याच्या कडेवर टेकवली, गुडघा जवळजवळ सरळ, मांडी सैल. तोंडावरचा ताण उतरला. मशीनमध्ये पाऊण तासापूर्वी पाय अगदी असाच ठेवला होता.